पूल गळतोय

अंथुर्णे, १९ मार्च

दिशा,

पत्र फाडण्याआधी एवढं वाच. सोनम गेली. तू तिला ओळखत नाहीस. आमच्या शाळेत सातवीत होती, मी तिला विज्ञान शिकवत होते. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर घरी जाताना तिच्या शेळीचं करडू शेजारच्या शेततळ्याच्या कडेला गेलं, म्हणून ती त्याच्यामागे गेली. करडू वाचलं. कड दोन हातांवर होती म्हणतात, पण त्या काळ्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही. माणूस चढतो आणि घसरतो. त्या प्लास्टिकच्या कागदावर नखांचे ओरखडे होते. ते मात्र ऐकीव नाही, मी पाहिले.

सोमवारी मी वर्गात विचारलं, पोहता कुणाकुणाला येतं? मुलांचे हात वर झाले. मुलींमध्ये एकही हात नव्हता. मग मागच्या बाकावरची एक म्हणाली, "मॅडम, तुमाला येतंय का?"

मला येत नाही. घरामागे पूल असून येत नाही.

आमचा पूल तुला आठवत असेल. हायवेला जमीन गेली तेव्हा आमच्या तात्यांनी बंगला बांधला, आणि बारामतीच्या कॉन्ट्रॅक्टरनं फोटो दाखवला म्हणून मागे पोहण्याचा पूलही बांधून घेतला. अजूनही तात्या "मागं पूल हाय आमचा" म्हणाले की नवखा पाहुणा तो मागच्या ओढ्यावर शोधतो. आपली दहावीची परीक्षा झाली त्या सुट्टीत तो गळायला लागला आणि बंद पडला. आता त्यात हिरवं पाणी आहे, पाचोळा आहे, बेडूक आहेत, आणि एक दिवड, पाणसाप, आहे असं तात्या म्हणतात.

मी तो साफ करणार आहे. गळती काढणार आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मुलींना तिथं पोहायला शिकवायचं आहे, आणि शिकवणारी तू हवी आहेस. तू विद्यापीठाकडून पोहलीस, आता कोल्हापुरात मुलांना शिकवतेस, हे मला गुरुजींकडून कळलं. त्यांनी लेकीचा नंबर दिला नाही. पत्ता दिला, म्हणाले, "पत्र लिही. तिला वाटलं तर उघडेल."

तू माझ्याशी बोलायचं का थांबवलंस ते मला कधी कळलं नाही. ते आत्ता विचारत नाही. माझ्यासाठी येऊ नकोस. मुलींसाठी ये.

माधवी

&nbsp;

अंथुर्णे, २ एप्रिल

दिशा,

उत्तर नाही. ठीक आहे. तरी काम कुठवर आलं ते कळवते, कारण येण्याचा विचार चालू असेल तर पाण्याची खात्री तुला हवीच.

बारामतीहून विकी नावाचा माणूस येतो. हायवेच्या कडेच्या रिसॉर्टचे पूल सांभाळतो आणि ते प्रत्येक वाक्यात सांगतो. पहिल्या दिवशी काठावर उभा राहून म्हणाला, "ताई, पालक पेरलाय व्हय?" मी म्हणाले, गळती आहे, कित्येक वर्षं गळतोय. त्यानं एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"गळतोय? आन् मग ही बेडकं कशात पवत्यात, हवेत?"

मी हसले. विकीही हसला. मग माझं हसू थांबलं. हे रोज दिसत होतं. गच्चीवरच्या टाकीचं जास्तीचं पाणी पाइपानं त्यात पडतं आणि ते तिथं साचून राहतं, ऐन उन्हाळ्यातही. मी विज्ञान शिकवते. घरात "पूल गळतोय" म्हणत होते आणि खिडकीतून पाण्यानं भरलेला पूल पाहत होते.

विकी म्हणाला, समदं पाणी सोडून देऊ, नवं भरू. मी नाही म्हणाले. आमच्या भागात लोक कालव्याच्या पाळीकडे डोळे लावून बसलेत, आणि मी एवढं पाणी ओढ्यात सोडू? तो नाराज झाला, मग म्हणाला, "तसं बघाया गेलं तर पाणी बदलायचं नस्तंच. आहे तेच धुवायचं. पर गिऱ्हाइकाला नवं पायजे आस्तं."

आधी मासे काढले. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी डासांसाठी गप्पी मासे सोडले होते, औषधानं ते मेले असते. मी जाळीनं पकडून गोठ्यातल्या हौदात नेऊन टाकत होते, तर आई कमरेवर हात ठेवून उभी. "म्हशीनं गिळलं तर? उद्या दुधाला मासळीचा वास आला म्हंजे डेअरीवाल्याला तू सांग, आमची म्हस मटण खाती म्हणून." मग स्वतःच दुसरी चाळणी घेऊन बसली आणि माझ्यापेक्षा जास्त मासे तिनंच पकडले. तू आईला ओळखतेस.

पाचोळा काढला. तळाचा गाळ काळा आणि कुजका होता, दोन दिवस हाताचा वास गेला नाही. फिल्टरची मोटर जाम झाली होती, ती विकीनं सोडवली, वाळू बदलली. मावळतीला क्लोरीन टाकायचं, दिवसा टाकलं तर ऊनच खाऊन टाकतं. भिंती ब्रशनं घासायच्या. पाणी हिरव्याचं राखी झालं, मग ताकासारखं. आता तुरटीनं गढूळपणा खाली बसतोय.

आणि गळती. मला विकीच्या हसण्यावर विसंबायचं नव्हतं. टाकीचा पाइप फडकं कोंबून बंद केला. बादलीत पुलाचंच पाणी घेतलं, ती पुलाच्या पायरीवर ठेवली, बादलीच्या आत आणि बाहेर पाण्याच्या रेघेवर नखाच्या रंगानं खुणा केल्या. पूल गळत असेल तर बाहेरचं पाणी बादलीतल्यापेक्षा जास्त उतरायला हवं. दोन्ही सारखंच उतरलं, उन्हानं जेवढं जायचं तेवढंच. मला वाटलं माझं चुकलं, म्हणून पुन्हा केलं. तेच आलं.

पूल गळत नाही, दिशा. मग तो बंद का केला? तुला काही आठवतं का? पाणी सोडलं त्याच्या आदल्या दिवशी आपण दोघीच तिथं होतो. तू पोहत होतीस, मी पाय सोडून बसले होते.

घरी अजून विचारलेलं नाही. का नाही विचारलं ते सांगता येत नाही.

माधवी

&nbsp;

अंथुर्णे, ५ एप्रिल

दिशा,

काल विचारलं. जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते. मऊ करून लिहिलं तर ते माझं होईल.

आई पडवीत चिंच फोडत होती. तात्या बाजूला खुर्चीवर.

"आई, पूल गळत नाही."

"बरं झालं की. खर्च वाचला."

"कधीच गळत नव्हता."

तिनं चिंचोका काढून ताटलीत टाकला. "मग?"

"मग तात्यांनी पाणी का सोडलं?"

"तात्यांनी कशाला? मीच सोडाया लावलं. ती पोरगी उतरली हुती न्हवं."

"कोण पोरगी?" कोण ते मला कळलं होतं. तरी विचारलं.

"आगं तुझी ती. गुरुजींची."

दूध उतू गेलं, म्हणून शेगडी पुसली, असं सांगावं तसं सांगितलं तिनं. हातही थांबला नाही. मी तिथं उभी होते आणि माझ्या कानात पाण्याखाली येतो तसा आवाज येत होता. पाण्याखाली कसा येतो ते मला माहीत नाही, पण तसाच असावा.

"फकस्त पाणी बदलायचं हुतं," आई म्हणाली. "मग तुझं तात्या म्हणालं, भरलं की ती परत यील. आन् पोरीला तोंडावर नको कसं म्हणायचं? चांगली पोर. हायवेची समदी कागदं गुरुजींनी वाचून दिली आमाला, हितं सही करा, हितं नका करू, समदं. त्यांच्या पोरीला नको म्हणायचं का? म्हणून म्हणलं, ऱ्हाऊ दे रिकामा. गळतोय म्हणून सांगू."

तात्यांनी मोबाइल उचलून कानाला लावला. फोन आलेला नव्हता.

"मी तिच्या घरी जेवायचे," मी म्हणाले. "चौथीपासून. रोज."

"ते मी कवा इचारलं का तुला?"

खरंच, कधी विचारलं नाही. आज काय जेवलीस, कुणाकडे जेवलीस, एकदाही नाही. मला वाटायचं, आमच्या घरी कुणी शिकलेलं नाही, अभ्यासाचं त्यांना विचारता येत नाही, म्हणून माझ्या दिवसाबद्दल ते विचारत नाहीत. तुझ्या ओट्यावर मी पुस्तकं वाचायला शिकले. पण ती मुद्दाम न विचारायची पद्धत होती हे मला काल कळलं.

मी म्हणाले, "आई, त्यात तीच मुलगी उतरणार आहे. मी बोलावलंय तिला."

आता हात थांबला. "आगं, मग आधी इचारायचं न्हाय व्हय?"

मी मागे जाऊन काठावर बसले. पाणी निवळलं आहे, तळाच्या फरशा दिसतात. खाली एक फुटका मग आणि विटलेला चेंडू होता, तेवढंच. मी प्रत्येक फरशीचा सांधा पाहिला. कुठेतरी एक तडा सापडावा असं मला इतकं वाटत होतं की शेवटी मी मोठ्यानं रडले. तडा नाही.

एका मुलीला नाही म्हणता येत नव्हतं म्हणून आम्ही आख्खा पूल कुजू दिला. आणि त्याला आमच्या घरात चांगुलपणा म्हणत होते.

मी तुझ्याकडे आले होते, "गळती लागलीय, दुरुस्त झाली की बोलावते" असं सांगायला. तू दारात उभी होतीस, केस ओले होते. तू म्हणालीस, "बरं." तुला तेव्हा माहीत होतं का? नसेल तर आता मीच तुला सांगितलं, आणि ते बरोबर केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. पत्र टाकावं की नाही या विचारात सकाळ गेली. टाकते.

मुलींसाठी ये असं आता मी म्हणू शकत नाही.

माधवी

&nbsp;

अंथुर्णे, १५ एप्रिल

दिशा,

काल तुमच्या वस्तीवर गेले होते. कमानीपासून निळे झेंडे, स्पीकर, पोरांची गर्दी. गुरुजी नव्या सदऱ्यात खुर्च्या मोजत होते. मला पाहून म्हणाले, "जय भीम माधवी. खीर घे, मग बोलू." मी वाटी हातात धरून उभी राहिले. ते म्हणाले, "खा आधी. तोंड असं करून आलीस की लोकांना वाटेल खीर खारट झालीय."

खाल्ली. मग त्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का?

तुझ्या वडिलांचं हसणं तुला माहीत आहे, आवाज न करता. म्हणाले, "पोरी, तुमचा ओढा कुठून वाहतो?"

आमच्या मागून. आणि खाली तुमच्या वस्तीला लागून. एवढं मला सुचलं नव्हतं.

"मे महिना. ओढा ठणठणीत कोरडा. आणि सकाळी पाहतो तर पाणी! आमची सगळी पोरं पळाली, दिशाही. म्हशी बसल्या पाण्यात. पोरं नाचतायत, कालवा फुटला म्हणून. दिशानं डोकं बुडवलं, वर आली, आणि मला म्हणाली, नाना, याला माधवीच्या घरच्या पुलाचा वास येतोय."

"मग?"

"मग काय. बाहेर आली. कपडे पिळले. बाकीची पोरं म्हणाली, ये की गं, तर म्हणाली, मी कालच पोहले यात." गुरुजींनी एक खुर्ची सरळ केली. "तेवढ्यात तू आलीस. गळती सांगायला."

म्हणून केस ओले होते.

दिशा, वाटी रिकामी होती तरी मी चमचा फिरवत राहिले. तुला त्या वेळी माहीत होतं, आणि तू माझ्याकडे पाहून "बरं" म्हणालीस, आणि मी घरी जाऊन आईला सांगितलं, दिशाला काही वाटलं नाही.

तुझा निरोप गुरुजींनी शब्दशः सांगितला, तो मीही शब्दशः लिहिते, चूक असेल तर कळव. "माधवीची तिन्ही पत्रं वाचली. पाणी तिनं सोडलं नव्हतं. ज्यांनी सोडलं त्यांनी बोलवावं."

हे मी घरी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मी बोलवू? मला सहीबिगर लिवता कुठं येतंय?" आणि वैरण टाकायला गेली. वैरण मी आधीच टाकली होती.

तात्या म्हणाले, "कशाला उकरतीस? तुझ्या त्या विकीला इचार, त्यालाबी पवता येत आसंल."

विकीला येत नाही. विचारलं. कमरेइतक्या पाण्यात काम करतो, त्यापुढे जात नाही.

तुझी अट बरोबर आहे. मी आईच्या मागे लागणार नाही. मागे लागून म्हणवून घेतलं तर ते तुझ्या काही कामाचं नाही.

माधवी

&nbsp;

अंथुर्णे, २७ एप्रिल

दिशा,

हे पत्र आईचं आहे. हात माझा आहे. कसं लिहिलं गेलं तेही आधी सांगते, कारण त्याशिवाय ते पत्र तुला नीट कळणार नाही.

परवा कौसल्याताई आल्या, सोनमची आई. पहिल्यांदाच घराबाहेर पडल्या असाव्यात. सोबत धाकटी मुलगी. पूल बघायला आल्या म्हणाल्या, पण पाण्याकडे पाठ करूनच उभ्या राहिल्या. पाणी आता इतकं स्वच्छ आहे की तळाच्या फरशीवर पानाची सावली पडते. धाकटी वाकून पाहत होती आणि त्यांनी तिचा फ्रॉक मागून मुठीत धरला होता.

"शिकवणार कोण?" त्यांनी विचारलं.

"माझी माधवी," आई म्हणाली.

"मॅडमला येतंय?"

"तिला काय येत न्हाय? पुस्तक वाचून समदं येतंय तिला."

कौसल्याताईंनी आईकडे पाहिलं. "पुस्तक पाण्यात भिजतंय, काकू," त्या म्हणाल्या, आणि पोरीचा हात धरून निघाल्या. पोरगी वळून वळून पाण्याकडे बघत होती.

आई त्या रस्त्याला लागेपर्यंत उभी होती. आज दुपारी जेवणं झाल्यावर म्हणाली, "कागद आण."

ती सांगत गेली, मी लिहीत गेले.

"लिही. चिरंजीव दिशा हिला कुशाबाईचा आशीर्वाद. आमी समदी खुशाल हाय. तुजी खुशाली कळव. पुलाला गळती लागली हुती, ती आता निघाली..."

माझा पेन थांबला.

"का थांबलीस?"

"हे मी लिहिणार नाही."

"पत्र माजं हाय का तुजं?"

"तुझं."

"मग लिही की."

तिचं बरोबर होतं. ज्याचं पत्र त्याचे शब्द. मी लिहिलं. मग इथवरचं वाचून दाखवलं, कारण वाचून घेतल्याशिवाय सही करू नये, हे त्या हायवेच्या कागदांच्या वेळी गुरुजींनीच आईला शिकवलं होतं. मी "गळती लागली होती, ती आता निघाली" वाचलं. आपलं बोलणं कागदावरून परत ऐकायची तिला सवय नाही. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"खोड," ती म्हणाली.

पुढचं जसं सांगितलं तसं:

"गळती नव्हती. तू पवून गेलीस आन् मी पाणी काढाया लावलं. माधवीच्या तात्यांनी न्हाय, मी. तुला तोंडावर नको म्हणवंना म्हणून गळती म्हणलं. तवा मला त्यात काय वाईट वाटलं न्हाय. आता वाटतंय का, ते नीट सांगता येत न्हाय, पर झोप लागत न्हाय. सोनम तुजी कुणी न्हवती. तिची धाकटी बहीण हाय. तिला शिकवाया तू ये. मी कुशाबाई बोलवती."

मी विचारलं, झालं? तिनं दाराकडे पाहिलं. मग माझ्या जवळ सरकून, अगदी हळू, लहान मुलीनं मास्तरणीला विचारावं तसं विचारलं, "ती आली तर च्या कशात द्यायचा गं?"

मला वाटलं होतं धक्का बसायचे दिवस संपले. मी तिच्याकडे पाहत राहिले. ती थट्टा करत नव्हती, टोमणाही मारत नव्हती. तिला खरोखर माहीत नव्हतं. पन्नाशी उलटलेली बाई, जिनं माझ्याबरोबर बसून मासे वाचवले, तिला माहीत नव्हतं.

"हे लिहू?" मी म्हणाले.

"आगं नको गं बाई! समदंच लिवायचं आस्तं व्हय?"

ती उठून आत गेली. आत कपबशा वाजल्या, मांडणीवरून काढल्याचा आणि परत ठेवल्याचा आवाज. बराच वेळ. मी पत्राची घडी घालायला घेतली तर ती दारात आली. हात ओले होते.

"मघाचं लिही," ती म्हणाली. "च्याचं. कळू दे तिला. आन् त्याच्याखाली आणखी एक लिही."

"काय?"

"तिनं आमच्या घरचं पाणी न्हाय पिलं, तर मला राग येणार न्हाय."

खालची सही आईची आहे.

कुशाबाई हिंदुराव